देवबागच्या बुकिंगमध्ये आमचे २४ हजार गेले, ते असे

मी चिपळूणचा. सध्या जर्मनीत एमएस करतोय. ओळख एवढ्यासाठीच, की फसायला मी काही परका पाहुणा नव्हतो.

गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जणांनी कोकण करायचं ठरवलं. मी, पुण्याचा एक मित्र, दोन जर्मन, एक स्पॅनिश आणि एक तुर्की मैत्रीण. टूरवाला नको, सगळं आपणच करू. हायवेने न जाता किनाऱ्याकिनाऱ्याने उतरायचं आणि आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चारही फेरीबोटींत गाडी घालायची. शेवटच्या तीन रात्री मालवणजवळच्या देवबागला.

गाडीच्या बाबतीत वाचलो ते बाबांमुळे. एक जण पांढऱ्या नंबरप्लेटची सात सीटर स्वस्तात देत होता. बाबा म्हणाले, भाड्याने स्वतः चालवायची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे हवेत. खाजगी गाडी भाड्याने घेतलीस आणि ठोकलीस तर विमा कंपनी हात वर करेल. ऐकलं. तेवढं एकच ऐकलं.

देवबागचं घर नकाशाच्या ॲपवर सापडलं. कौलारू, ओटीवर झोपाळा, पुढे तुळशीवृंदावन. खाली नंबर होता, त्यावर फोन केला. मी चिपळूणचा म्हटल्यावर पलीकडचा खुलला. "अरे, मग घरचेच तुम्ही!" सुरमई, सोलकढी, आंबोळ्या, सगळं घरचं मिळेल म्हणाला. मी विचारलं, खोल्यांतून समुद्र दिसतो का? "दादा, दोन्ही बाजूंना समुद्र!" आता देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. मीच हसून म्हटलं, "पूर्वेला कर्ली ना हो?" "हां हां, तीच." मला वाटलं, बोलण्याच्या भरात सुटलं असेल.

तीन खोल्या, तीन रात्री, ३६,००० रुपये. अर्धे आगाऊ. माझं भारतातलं सिम तिकडे बंद, म्हणून क्यूआर कोड बाबांना पाठवला. बाबांचा फोन आला, "अरे, इथे तर कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं नाव दिसतंय." मी तोवर त्या माणसाला मेसेज केला होता आणि भाच्याचं खातं आहे, असं उत्तरही आलं होतं. "टाका हो बाबा," मी म्हटलं. १८,००० गेले. चार दिवसांनी त्याने परदेशी पाहुण्यांच्या पोलीस नोंदणीचे माणशी १,५०० मागितले. चौघांचे ६,०००. तेही टाकले. जर्मन मैत्रिणीने पावती मागितली, तर मी तिला कोकणात शब्दावर व्यवहार होतात यावर लांबलचक भाषण दिलं. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

३० डिसेंबरला रात्री नऊला पोचलो. घर होतं. झोपाळाही तोच. आतून एक काकू आल्या, गाडीकडे बघितलं आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "बुकिंग नाय हा तुमचा. तुमी ह्या म्हयन्यात तिसरे."

घर खरं होतं, फोटो खरे होते, नंबर तेवढा खोटा. ॲपवरच्या माहितीत बदल कुणीही सुचवू शकतो. तसाच त्यांचा नंबर कुणीतरी बदलला होता, असं त्यांच्या पुतण्याने सांगितलं. दुरुस्त केला की पुन्हा बदलतात. त्यांची स्वतःची पाटी रस्त्यावर आहे, तिच्यावर खरा नंबर आहे, पण जर्मनीतून पाटी कशी दिसणार? व्हिडिओ कॉल करून झोपाळा दाखवा म्हटलं असतं, तर मात्र दिसला असता.

खोल्या भरलेल्या होत्या. मालवणातही त्या रात्री जागा नव्हती. "आता रातीचे खंय जातलात? हयच रवा," म्हणत काकूंनी ओटीवर चटया टाकल्या. पुतण्याने आधी चौघांचे पासपोर्ट मागितले. परदेशी माणूस मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांत त्याच्या नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पाहुण्याकडून पैसे? तो माझ्याकडे बघतच राहिला. आणि मला तेव्हा उमगलं की ६,००० घेणाऱ्याने पासपोर्टचा फोटो एकदाही मागितला नव्हता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार केली. पण ही हेल्पलाइन पैसे गेल्या गेल्या फोन केला तर कामाची, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते. आम्ही सहा आठवड्यांनी जागे झालो. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. बाकीच्यांचे माणशी ४,००० मी परत देतोय, त्यांनी नको म्हटलं तरी.

परतायच्या आधी चिपळूणहून आईच्या फोनवरून तो नंबर लावला. उचलला. मी आवाज बदलून विचारलं, समुद्र दिसतो का हो?

"एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी," तो म्हणाला. "दादा, तुम्ही कुठले?"