राणीपालचा बेंद्रे

आमचे हे बँकेत कॅशियर होते, एकतीस वर्षं. खोटी नोट बोटांनी ओळखायचे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आम्ही अगदीच बावळट होतो असं वाटणार नाही. किंवा जास्तच वाटेल.

चित्रं जमवायचा नाद दोघांनाही. इतरांनी प्लॉट घेतले, आम्ही प्रीतमलाल दुआ कलादीर्घेतल्या प्रदर्शनांतून हप्त्यांनी चित्रं घेतली, बहुतेक नवख्या मुलांची. पण इंदूरच्या मराठी माणसाला विचाराल तर मनात एकच नाव असतं, चित्रकार ना. श्री. बेंद्रे. 1910 साली जन्म इथला, देवळालीकर सरांच्या हाताखाली शिकलेले, पुढे बडोद्याला कलाशाखा उभी करणाऱ्यांतले. आपल्या भिंतीवर बेंद्रे! ही इच्छा आम्ही चारचौघांत बोलून दाखवायचो. तिथेच चुकलं.

चित्र विकणारा आला तो ओळखीतून. मराठीच, गोड बोलणारा. आजोबा होळकर दरबारात होते म्हणे. जलरंगातलं काश्मीर, शिकारा डावीकडे, खाली 1938. बेंद्रे त्या सुमारास काश्मीरला होते, हे मला माहीत होतं, आणि मीच ते त्याला उत्साहाने सांगितलं. तो फक्त मान हलवत होता. किंमत साडेतीन लाख. "सोमवारी मुंबईचा माणूस येतोय, काकू. पण आपल्या माणसाकडे राहिलं तर बरं." दोन लाख रोख, उरलेल्याचा चेक. सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र.

महिनाभराने काचेला बुरशी दिसली म्हणून फ्रेम उघडली. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, दडलेली बोटभर किनार पांढरीफेक, बाकी कागद पिवळट. हे गप्प उठले, नोटा तपासायचा जुना अतिनील दिवा आणला, खोलीतली बत्ती बंद केली. किनार निळी झळकली, राणीपाल घातलेल्या शर्टासारखी. कागदात ही चमक आणणारी पावडर घालायला लागले ते 1950च्या आसपास. मग 1938 च्या कागदात ती आली कुठून? मधला पिवळेपणा चहाचा असावा. वास घेऊन पाहिला, नाही आला. पण मी वास घेतला खरा.

फोन बंद. प्रमाणपत्रावरचा नंबर तर कधी लागलाच नाही. पोलिसांनी बिल मागितलं. त्यावर लिहिलेलं, "एक जुने जलरंग चित्र, जसे आहे तसे." साहेब म्हणाले, "यात बेंद्रे कहाँ लिखा है?" खरंच नव्हतं. चित्रकाराचं नाव, साल, माध्यम बिलावर लिहून घ्या, आणि विकणारा फ्रेम उघडू देत नसेल तर चहा पिऊन उठा. तज्ज्ञ आपण शोधायचा, त्याने आणलेला नको.

यांनी आठ दिवस पेपर वाचला नाही. माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं.

परवा लोकमान्यनगरातल्या एका वहिनींनी मोबाइलवर फोटो पाठवला. "बेंद्रे मिळतोय, काश्मीर, 1938. तुम्हाला कळतं ना, सांगा." तोच डोंगर, तेच पाणी. शिकारा या वेळी उजवीकडे.

रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जातोय. हे दिव्यात नवे सेल घालून बसलेत.