आयएनएन : यूजनेटचा सर्व्हर स्वतः चालवणाऱ्यांसाठी

यूजनेट म्हणजे विषयवार ग्रुपांचं जुनं चर्चाजाळं, त्यातले लेख (न्यूज) सर्व्हर एकमेकांना पोचवतात. त्याचा सर्व्हर आपल्या युनिक्स मशीनवर चालवायचा असेल, तर आयएनएन हेच सॉफ्टवेअर टाका. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी ते सांभाळलं आणि आता पुण्यात बसून भाड्याच्या एका छोट्या डेबियन लिनक्स सर्व्हरवर सांभाळते. गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४ ला यूजनेटमधून अंग काढून घेतलं, त्याच्या कितीतरी आधी अनेक इंटरनेट कंपन्यांनी आपापले न्यूज सर्व्हर बंद केले होते. म्हणजे यूजनेट जिवंत ठेवायचं तर ते आता सर्व्हर चालवणाऱ्या हौशी माणसांनीच ठेवायचं आहे. अशा माणसांसाठी हा रिव्ह्यू.

आधी थोडं जुनं, कारण त्याशिवाय आयएनएनची किंमत कळत नाही. आम्ही आधी सी न्यूज हे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरत होतो. टोरांटो विद्यापीठातल्या हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी ते लिहिलं. अतिशय नेटकं काम, आणि आधीच्या बी न्यूजच्या मानानं खूपच वेगवान. पण त्याची सगळी रचना यूयूसीपीच्या काळातली, म्हणजे रात्री मोडेमवरून लेखांचा गठ्ठा यायचा आणि मग तो सावकाश वाटला जायचा. १९८६ मध्ये एनएनटीपी हा लेखांच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल आला, सर्व्हर इंटरनेटवरून दिवसभर एकमेकांशी बोलायला लागले आणि तिथे सी न्यूजची पंचाईत झाली. आलेला लेख एका फोल्डरमध्ये पडून राहायचा, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून न्यूजरन हा प्रोग्रॅम चालेल तेव्हा त्याची नोंद व्हायची. तेवढ्या वेळात दुसऱ्या शेजाऱ्यानं, म्हणजे आमच्याशी लेखांची देवाणघेवाण करणाऱ्या सर्व्हरनं, तोच लेख देऊ केला तर आमचा सर्व्हर म्हणायचा, 'नाही आला अजून, पाठव.' तोच लेख दोनदा, तीनदा लाइनवरून यायचा. तेव्हाच्या लाइनी कशा होत्या ते ज्यांना आठवतं, त्यांना याचा अर्थ कळेल.

रिच साल्झ यांनी १९९२ मध्ये आयएनएन बाहेर काढलं ते नेमकं या दुखण्यावर. आयएनएनडी नावाची एकच प्रोसेस कायम चालू असते. ग्रुपांची यादी तिच्या मेमरीत असते, सगळ्या शेजाऱ्यांची कनेक्शनं तीच बघते आणि लेख आला की त्याच क्षणी हिस्टरी फाइलमध्ये नोंद करते. वाचकांना मात्र ती स्वतः हाताळत नाही, त्यांना एनएनआरपीडी या वेगळ्या प्रोग्रॅमच्या हवाली करते. त्यामुळे शंभर वाचक एकदम आले तरी लेखांची आवक अडत नाही.

टेलनेट घेऊन पोर्ट ११९ वर जा आणि शेजारी म्हणून बोलून बघा. 'आय-हॅव' म्हणून लेखाचा मेसेज-आयडी, म्हणजे त्याची एकमेव ओळखखूण, दिलात की सर्व्हर ३३५ म्हणतो, म्हणजे पाठवा. लेख दिला की २३५, पोचला. लगेच तोच आयडी पुन्हा द्या, उत्तर येतं ४३५, नको. त्या दोन उत्तरांच्या मध्ये क्रॉनची वाट बघणं नाही, गठ्ठा नाही, काही नाही. सी न्यूजवर वर्षं काढलेल्या माणसाला तो ४३५ बघून काय वाटलं असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

हिस्टरी फाइल म्हणजे या सर्व्हरचं आवक रजिस्टर, आणि ते किती विचार करून बनवलंय ते लेखांची मुदत ठरवणाऱ्या एक्स्पायरच्या फाइलीत दिसतं. तिथे एक ओळ असते, रिमेंबर आणि पुढे ११. लेख डिस्कवरून पुसला तरी त्याचा आयडी अकरा दिवस लक्षात ठेवायचा. अकराच का? कारण दहा दिवसांपेक्षा जुना लेख आयएनएन मुळात घेतच नाही. म्हणजे पुसलेला लेख कुठूनतरी फिरून परत आला, तर एक तर तो रजिस्टरमध्ये सापडतो, नाहीतर जुना म्हणून दारातूनच परत जातो. दोन आकडे एकमेकांना असे टेकून ठेवलेत की मध्ये फट नाही. कुणी हौसेनं दहाचे तीस केले, तर अकराचे एकतीस करायला विसरू नये.

चालत्या सर्व्हरशी बोलायला सीटीएल-आयएनएनडी ही कमांड आहे. डिस्क बदलायची असली की 'थ्रॉटल' म्हणायचं आणि सोबत कारण लिहायचं. नवे लेख थांबतात, आणि ते कारण शेजारच्या सर्व्हरनाही कळतं. परत सुरू करताना 'गो' म्हणायचं, पण तेच कारण पुन्हा लिहायचं, किंवा कारणाची जागा रिकामी सोडायची. भलतंच कारण लिहिलं तर सर्व्हर ऐकत नाही. दोन पाळ्यांमध्ये काम चालणाऱ्या ठिकाणी हे फार मोलाचं आहे. सकाळच्या माणसानं डिस्कसाठी थांबवलेला सर्व्हर संध्याकाळच्या माणसाच्या हातून, वेगळ्याच कारणापायी, चालू होत नाही.

लेख साठवायच्या पद्धती निवडता येतात. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक लेखाची एक फाइल. उघडून बघता येते, शब्द शोधायला ग्रेप मारता येतो, मला तीच आवडते. पण लाखो बारीक फाइली म्हणजे डिस्कवर जागा शिल्लक असताना आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपू शकतात, तेव्हा फाइलसिस्टिम बनवतानाच ते वाढवून घ्या. मोठा फीड, म्हणजे शेजाऱ्यांकडून येणारा लेखांचा ओघ, असेल तर सीएनएफएस बरं. त्यात ठरावीक आकाराचे बफर असतात, भरले की सर्वांत जुन्या लेखांवरच नवं लिहिलं जातं. डिस्क कधीच भरत नाही. मात्र एखादा ग्रुप जास्त दिवस ठेवायचा, तर त्याला वेगळा बफर द्यावा लागतो.

हा ग्रुप किती दिवस ठेवायचा, तो किती, हे सर्वस्वी सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात, आणि आयएनएनवर माझा जीव आहे तो यासाठी. विद्यापीठात मी सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या ग्रुपची मुदत इतरांपेक्षा जास्त ठेवली होती, कारण परीक्षांच्या काळात मुलं कित्येक दिवस फिरकत नसत आणि मग सगळं एकदम वाचायला बसत. तेव्हा मराठी रोमन लिपीतच लिहावं लागे. २००६ च्या आरएफसी ३९७७ या मानकानं एनएनटीपीमध्ये यूटीएफ-८ ला, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या संकेतपद्धतीला, रीतसर जागा दिली, आणि आज माझ्या सर्व्हरवर देवनागरी लेख जसाच्या तसा ये-जा करतो.

आता तक्रार. सेटिंगच्या फाइली पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचं व्याकरण निराळं. न्यूजफीड्समध्ये कोलन आणि स्लॅश, इनकमिंगमध्ये महिरपी कंस, एक्स्पायरमध्ये पुन्हा कोलन. रीडर्सच्या फाइलीत तर जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा लागू होतो, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि खास नियम खाली लिहायचे. नवशिक्या नेमकं उलटं लिहितो आणि मग वाचकांना आत का घेत नाही म्हणून डोकं धरून बसतो. तीस वर्षांत एकेक फाइल जशी लागेल तशी जोडत गेले, त्याचा हा परिणाम. मला हे क्षम्य वाटत नाही. नव्या माणसाची पहिली भेट या फाइलींशीच होते. इनचेक हा प्रोग्रॅम बऱ्याच चुका पकडतो, तो चालवल्याशिवाय सर्व्हर सुरू करू नका. मॅन पेजेस, म्हणजे सोबतची माहितीपानं, मात्र उत्तम आहेत, अगदी शब्दन् शब्द वाचण्यासारखी.

सॉफ्टवेअर फुकट आहे, सोर्स खुला आहे आणि काम अजून चालू आहे. २०२२ च्या २.७ मध्ये ओव्हरव्ह्यूसाठी, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या लेखांच्या सूचीसाठी, एसक्यूलाइट या डेटाबेसचा पर्याय आला, नव्यानं सुरू करणाऱ्यांनी तोच घ्यावा. डेबियनवर आयएनएन२ हे पॅकेज टाका. बायनरी ग्रुप, म्हणजे चित्रं-प्रोग्रॅमसारख्या फाइलींचे ग्रुप, वगळून फक्त मजकुराचा फीड घेतलात तर साधं मशीन आरामात पेलतं. न्यूज.डेली ही रोजची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये लावा आणि रोज येणारा रिपोर्ट खरोखर वाचा, कुठला शेजारी गप्प झालाय ते त्यातच कळतं. शेजारी मिळवायला न्यूज.अ‍ॅडमिन.पीअरिंग या ग्रुपवर विनंती टाका, लोक आनंदानं फीड देतात. निदान दोघांकडून घ्या, म्हणजे एकाचं मशीन बंद पडलं तरी लेख येत राहतील.