सुरंगीला अनोळखी समजून: वेंगुर्ल्याजवळच्या वृक्षवर्णन शिबिराविषयी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ले तालुक्यात भरलेल्या एका तीन दिवसांच्या निवासी शिबिराला मी साडेचार हजार रुपये भरून गेलो होतो. फुलणाऱ्या झाडाची नवी जाती कशी ओळखावी आणि तिचे शास्त्रीय वर्णन कसे लिहावे, हा शिबिराचा विषय होता. ‘जाती’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. मराठी विश्वकोशात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हटले आहे, पण वर्तमानपत्रांनी स्पीशीजलाच प्रजाती म्हणायला सुरुवात केल्यापासून सगळी सरमिसळ झाली आहे आणि शिबिराच्या माहितीपत्रकातही ती होतीच. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या मी त्यांना पत्राने आधीच कळवल्या आहेत.

शिबिराला जाण्यात माझा थोडा स्वार्थ होता. आमच्या गावच्या देवराईत ओहोळाच्या कडेला एक उंच झाड आहे आणि त्याचे नाव गावात कोणालाही सांगता येत नाही. मोबाइलमधल्या ओळख-अ‍ॅपने तीन वेळा फोटो काढल्यावर तीन निरनिराळी नावे दिली. सेवानिवृत्त शिक्षकाच्या हाती वेळ भरपूर असतो, त्यामुळे हे झाड कदाचित शास्त्रालाच अपरिचित असेल, असा एक सुखद संशय माझ्या मनात घर करून बसला होता. राईतली काडीही मोडायची नाही हा गावचा दंडक असल्यामुळे वाऱ्याने पडलेली एक डहाळी मी वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत नेली. पहिल्याच संध्याकाळी मार्गदर्शक मॅडमनी ती उलटसुलट करून पाहिली, पाने समोरासमोर आहेत एवढे नोंदवले आणि म्हणाल्या, “गुरुजी, फूल नाही, फळ नाही, यावर मी काही बोलले तर तो अंदाज होईल.” डहाळी टेबलाच्या कडेला गेली ती तिसऱ्या दिवसापर्यंत तिथेच सुकत राहिली. तेव्हा मला राग आला होता.

शिबिराचा गाभा म्हणजे दुसऱ्या दिवसाचा प्रयोग, आणि पैसे वसूल झाले असतील तर ते त्या एका दिवसात. आम्हा अठरा जणांना यजमानांच्या परड्यातील सुरंगीखाली बसवून सांगण्यात आले की हे झाड आजवर कोणी पाहिलेलेच नाही असे समजा आणि त्याचे वर्णन लिहा. सुरंगी आणि अनोळखी! ज्या मुलखात आसोलीच्या सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येऊ लागले की चैत्र जवळ आल्याचे कळते, तिथे हा विनोदच वाटला. पण अर्ध्या तासात सगळ्यांच्या लक्षात आले की ज्या झाडाचा वास डोळे मिटून ओळखता येतो, त्याच्या कळीला निदले, म्हणजे बाहेरच्या आवरणाची दले, किती, हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही.

दहापट भिंगाखाली धरलेली कळी मी अजून विसरलेलो नाही. बाहेरून ती एक गोल, पूर्ण मिटलेली गोळी दिसते. तिच्यावर निदलांच्या कडा शोधू गेल्यास सापडत नाहीत. नखाने दाबले की ती गोळी नेमकी दोन फाकांत उकलते, आत चार पांढऱ्या पाकळ्या एकमेकींवर दुमडलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात पिवळ्या पुंकेसरांची गच्च गर्दी असते. निदलपुंजाचे हे दोन फाकांत उकलणे हे मॅमिया या सुरंगीच्या प्रजातीचे महत्त्वाचे लक्षण आहे. सुरंगीच्याच कुळातले उंडीचे झाड तिथून पाच मिनिटांवर समुद्रकाठी उभे होते. त्याच्या पानावरच्या शिरा फणीच्या दातांसारख्या एकमेकींना चिकटून समांतर धावतात, तर सुरंगीच्या पानावर शिरांचे जाळे विणलेले असते. दोन पाने शेजारी ठेवून उन्हाकडे धरली की हा फरक लहान मुलालाही दिसतो.

माझ्या वहीत पहिले वाक्य “पाने मोठी, हिरवीगार व सुंदर” असे होते. मॅडमनी तिन्ही विशेषणांवर काट मारली आणि व्हर्नियर कॅलिपर व पट्टी हातात दिली. वीस पाने मोजल्यावर माझी नोंद “पाने समोरासमोर, चिवट, १३ ते १९.५ सेंटिमीटर लांब, ५ ते ७ सेंटिमीटर रुंद” अशी झाली. एका झाडाची वीस पाने मोजून जातीचे वर्णन होत नाही, ती अनेक झाडांवरून आणि अनेक ठिकाणांहून घ्यावी लागतात, हेही लगेच ऐकवण्यात आले. आमच्या गटातल्या एकाने फळांचा रकाना रिकामा ठेवला तेव्हा यजमानांची आई ओट्यावरून म्हणाली, “ह्येका फुला मायंदाळ येतत, पण फळ कधी धरूक नाय.” सुरंगीत काही झाडांवर नुसती नरफुले येतात, भिंगाखाली आमच्या एकाही फुलात अंडाशय सापडेना, त्याचा उलगडा आजीच्या एका वाक्याने झाला. अशी नोंद वर्णनात गेलीच पाहिजे, आणि ती घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय मिळत नाही.

संध्याकाळचे सत्र नावांवर होते आणि मला वाटले त्यापेक्षा रंजक निघाले. सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात आणि खरे नागकेशर नागचाफ्याचे, म्हणजे मेसुआ फेरियाचे, पुंकेसर असतात. बाजारातले नाव एक आणि झाडे दोन. शास्त्रीय नावांचीही कथा फार वेगळी नाही. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात सुरंगी ऑक्रोकार्पस या प्रजातीत होती. आज ती मॅमिया सुरिगा आहे, म्हणजे तिच्या लॅटिन नावातही आपलीच सुरंगी दडलेली आहे. जुन्या ग्रंथांत ती कोकमाच्या भाऊबंदांत मोजली जाई. आता सुरंगी व उंडी कॅलोफायलेसी कुळात आणि कोकम क्लुसिएसीत, अशी वाटणी झाली आहे. नवी जाती सापडली असे म्हणणाऱ्याला आधी ही सगळी जुनी नावे उपसावी लागतात, कारण ‘नव्या’ झाडाला शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी नाव देऊन ठेवलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि नियमाने तेच जुने नाव टिकते. वनस्पतींच्या बाबतीत ही मोजदाद १७५३ सालच्या लिनियसच्या ग्रंथापासून सुरू होते.

नियमांची माहिती थोडक्यात पण नेमकी दिली गेली. १९५८ पासून नव्या जातीच्या नावासाठी एक नमुना ‘टाइप’ म्हणून ठरवून देणे बंधनकारक आहे. पुढे कितीही वाद झाला तरी ते नाव त्या एका वाळवलेल्या डहाळीला बांधलेले राहते. १९३५ ते २०११ अखेरपर्यंत वर्णन किंवा निदानात्मक टिपण लॅटिनमध्ये लागे, २०१२ पासून इंग्रजीही चालते. निदान म्हणजे जवळच्या नातेवाईक जातीपेक्षा ही कुठे वेगळी पडते ते सांगणारी दोनचार वाक्ये, आणि सगळी कसोटी तिथेच लागते. मराठीत ते लिहून चालत नाही, याची हळहळ वर्गात बऱ्याच जणांना वाटली.

आता तक्रारी. माहितीपत्रकात मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्यांवर आधारित ‘प्रात्यक्षिक’ असे छापले होते. प्रत्यक्षात भिंतीवर दाखवलेल्या चित्रांपलीकडे काही नव्हते, आणि वीज दोनदा गेल्यामुळे तीही अर्धीच पाहून झाली. अठरा जणांत एक सूक्ष्मदर्शक होता. नमुने दाबून वाळवण्याचे सत्र सर्वांत कच्चे झाले: कोकणच्या दमट हवेत वर्तमानपत्रे रोज बदलली नाहीत तर पाने काळी पडून बुरशी धरतात, हे तोंडी सांगितले खरे, पण नमुने दाबून ठेवायच्या आमच्या लाकडी फळ्या रात्रभर ओसरीवर तशाच राहिल्या आणि सकाळी सुरंगीची फुले तपकिरी लगदा झाली होती. फुलाचा रंग तोडल्याबरोबर वहीत लिहावा आणि काही फुले स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावीत, हा धडा त्यामुळे न विसरण्यासारखा मिळाला, पण तो आयोजकांच्या हेतूने मिळाला नाही. छापील टिपणे संपूर्ण इंग्रजीत होती. जेवण मात्र उत्तम होते; सोलकढी दोन्ही वेळा.

परवान्यांवर अर्धा तास चांगला खर्च केला. वनजमिनीवरून नमुना घ्यायचा तर वनखात्याची परवानगी हवी, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी जाती सापडल्यास नियुक्त संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. पण कोकणात झाडे शोधणाऱ्याची गाठ अनेकदा देवराईशी पडते आणि तिथला कायदा वेगळा असतो, याचा एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. मी विचारले तेव्हा ‘स्थानिकांना विश्वासात घ्या’ असे उत्तर मिळाले, जे बरोबर असूनही कोणाच्या उपयोगाचे नव्हते.

ज्यांना फोटो काढून नाव हवे आहे, त्यांनी या शिबिराला जाऊ नये. ज्यांना एकाच झाडाशेजारी आठ तास बसण्याची तयारी आहे, त्यांनी टिपणे मराठीत आणि सूक्ष्मदर्शक किमान तीन मिळणार का, हे आधी विचारून अवश्य जावे. स्वतःचे भिंग न्यावे.

आमच्या राईतल्या झाडाला वैशाखात बारीक कळ्या धरल्या. चार पाने आणि एक घोस एवढेच हवे आहे, असे मी मानकऱ्यांना सांगितले आहे; ते म्हणाले, सोमवारी देवाला गाऱ्हाणे घालून कौल लावू. मी पट्टी, स्पिरिटची बाटली आणि जुनी वर्तमानपत्रे पिशवीत भरून ठेवली आहेत.