बांबेर्गची धुरकट बिअर: आधी श्पेत्सियाल, मग श्लेंकर्ला

बांबेर्गला उतरणारे बहुतेक पर्यटक स्टेशनवरून थेट श्लेंकर्ला ही जुनी ब्रुअरी-खानावळ गाठतात. पहिला घोट घेतात, ‘ही बिअर आहे की जळकं लाकूड?’ म्हणून ग्लास बाजूला सारतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने न्यूरेंबर्गला परत. बिअर चांगलीच असते, क्रम चुकलेला असतो. बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या, फ्रँकोनिया भागातल्या या गावाची वस्ती ८० हजारांच्या आत-बाहेर आणि गावात चालू ब्रुअरी डझनभराच्या आसपास. घाई न करता, रात्री मुक्काम ठेवून पायी फिरलं तर जर्मनीत बिअरसाठी याहून चांगलं गाव सापडणं कठीण.

आधी धुराचं. नाचणीसत्त्वासाठी आपण नाचणी भिजवून मोड आणतो आणि वाळवतो, तसंच इथे जवाचं करतात. त्याचं मॉल्ट होतं. हे ओलं मॉल्ट पूर्वी सर्रास लाकडाच्या जाळावर वाळवत, त्यामुळे थोडाफार धूर जवळपास प्रत्येक बिअरमध्ये असायचाच. पुढे धूर मॉल्टला न लागता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगभरची बिअर धुरातून सुटली. बांबेर्गच्या दोन घरांनी, श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल यांनी, जुनी पद्धत सोडली नाही. दोघंही बीच नावाच्या झाडाच्या ओंडक्यांवर स्वतःचं मॉल्ट स्वतः धुरवतात. लाकूड जळताना ग्वायकॉलसारखी द्रव्यं धुरात उतरतात आणि मॉल्टच्या टरफलाला धरून बसतात. धुरवलेल्या मांसातही तीच असतात, म्हणून युरोपातल्या माणसाला ही बिअर पिताना हॅम आठवतं. मराठी जिभेला भरताच्या वांग्याचा किंवा निखाऱ्यावर तूप सोडून दिलेल्या धुंगाराचा वास ओळखीचा वाटेल, त्यामुळे आपली सुरुवात तशी बरी होते.

सुरुवात श्पेत्सियालपासून करावी. स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत ओबरे क्योनिगश्ट्रासे लागतो, तिथेच हे १५३६ पासूनचं घर आहे. इथली धुरकट लागर (थंडाव्यात सावकाश मुरवलेली बिअर) तांबूस आणि मद्यार्काला पाच टक्क्यांच्या आत. धूर मागून येतो: आधी पावाच्या सालीसारखा गोडवा, मग हलका कडवटपणा आणि घोट खाली उतरल्यावर नाकात धूर. पहिल्या ग्लासाला एवढाच धूर पुरे. खोली साधी, लाकडी, टेबलं मोठी आणि माणसं गावातली. बांबेर्गमध्ये सर्वांत चांगली बसण्याची जागा कोणती, तर आमच्या मते हीच. वर राहायच्या खोल्याही आहेत. नंतर चालायचं अंतर शून्य.

रस्ता ओलांडला की समोर फेसला, १६४९ चं. इथे धूर नाही, आणि म्हणूनच दुसरा थांबा इथे. जीभ धुऊन निघते. त्स्वेर्गला ही त्यांची गडद बिअर घ्यावी, नाहीतर गोल्ड-पिल्स (पिल्स म्हणजे फिकट, कडवट लागर). बांबेर्गाटोर नावाची डबल बॉकही (जास्त मॉल्टची, कडक बिअर) आहे, तिच्यात ८.५ टक्के मद्यार्क. ती गोडसर असल्यामुळे पाण्यासारखी उतरते आणि पुढचा सगळा बेत तिथेच संपतो. प्यायची तर रात्री शेवटी.

आता श्लेंकर्ला. साखळी पूल ओलांडून ग्र्यूनर मार्क्टमधून, नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या जुन्या नगरभवनाखालून गेलं की पंधरा-वीस मिनिटांत डोमिनिकानरश्ट्रासे येतो. काळ्या तुळयांची ही वास्तू १४०५ पासून कागदोपत्री सापडते. श्लेंकर्ला हे नाव एका जुन्या ब्रुअरच्या झोकांड्या देत चालण्यावरून पडलं, असं सांगतात. मुख्य बिअर मेर्त्सेन: ५.१ टक्के, रंग काळसर-तपकिरी, उजेडात धरली तर लालसर. आत मार्गिकेतल्या खिडकीशी लाकडी पिंपातून ती नुसत्या उतारावर काढतात. तिला ढकलायला वायूचा दाब नसतो. यातून दोन गोष्टी होतात. एक, बिअर मऊ लागते, बुडबुडे जिभेला टोचत नाहीत. दुसरी, बिअर जशी खाली येते तशी पिंपात हवा शिरते, म्हणून उघडलेलं पिंप काही तासांत संपवावंच लागतं. गर्दीच्या वेळची बिअर त्यामुळेच सर्वांत ताजी. पुण्या-मुंबईच्या बारमधल्या बर्फगार ग्लासाची अपेक्षा ठेवू नये. ही तळघराच्या थंडाव्याची असते आणि ते योग्यच आहे. फार गार केली तर मॉल्टचा गोडवा दबतो आणि राख तेवढी उरते.

तिसऱ्या ग्लासाला ही बिअर आवडायला लागते, असं इथे सगळेच सांगतात. ऐकायला जाहिरात वाटते, पण त्यामागे साधं कारण आहे. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावतं, धूर मागे सरतो आणि खालचं मॉल्ट दिसू लागतं: करपवलेली साखर, थोडा खजूर, शेवटी कोरडा कडवटपणा. म्हणून चार जणांत एक ग्लास ‘चाखायला’ मागवणं हा पैशाचा अपव्यय. एकट्याने पूर्ण अर्धा लिटर, सावकाश. ज्याला मेर्त्सेन झेपणारच नाही त्याने इथली हेलेस, म्हणजे फिकट लागर, घ्यावी. तिच्यात धुराचं मॉल्ट अजिबात नसतं, तरी धूर लागतो, कारण भांडी आणि यीस्ट तीच. मसाल्याच्या डब्यातल्या मिठाला वास लागतो ना, तसं.

ऋतू बघून जावं. ऑक्टोबरपासून ऊरबॉक येते (६.५ टक्के), नाताळच्या सुमारास ओकच्या लाकडावर धुरवलेली आइखे नावाची डबल बॉक (८ टक्के), आणि राखेच्या बुधवारापासून (तेव्हा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो) ईस्टरपर्यंत उपवासाची फास्टेनबिअर. उपवासाला बिअर ही कल्पना आपल्या साबुदाण्याच्या खिचडीइतकीच सोयीस्कर! या सगळ्यांत ऊरबॉक सरस. मद्यार्क वाढल्यामुळे गोडवा वाढतो आणि धुराला टेकायला जागा मिळते. ऑगस्टच्या शेवटी मात्र सांडकेर्वा नावाची जत्रा असते. तिचा अनुभव वेगळा, पण निवांत बसून बिअर पिण्याचे ते दिवस नव्हेत. एरवीही शनिवारची संध्याकाळ टाळावी. आठवड्यातल्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला सहज जागा मिळते. जागा नसेल तर बाहेर रस्त्यावर उभं राहून प्यायचीही रीत आहे; ग्लासासाठी अनामत घेतात, परत केला की पैसे मिळतात.

जेवण जड आहे आणि बहुतेक डुकराचं. शॉयफेर्ला म्हणजे खांद्याचा तुकडा, वर कुरकुरीत कातडी, सोबत बटाट्याचा गोळा आणि रस्सा. एका ताटात दोन मराठी पोटं भरतात. बांबेर्गचा भरला कांदा नावावरून घरचा वाटेल, पण आत डुकराचा खिमा, वर बेकनची पट्टी आणि धुरकट बिअरचा रस. ‘भाजीच असेल’ म्हणून शाकाहारी माणसाने मागवू नये. गोमांस न खाणाऱ्यांनी त्स्वेचगेनबामेस हे नाव लक्षात ठेवावं: धुरवून सुकवलेल्या बीफचे पातळ काप, आणि नावात बीफचा मागमूस नाही. शाकाहारी माणसाला ओबात्सदा (कामांबेर, लोणी, कांदा आणि पाप्रिका यांचं कालवण) आणि पाव किंवा ब्रेझेल (गाठ मारलेला खारा पाव) हे हमखास. चीज घातलेल्या श्पेट्झलेही (मैदा-अंड्याच्या मऊ, जाड शेवया) चालतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, तेवढं विचारून घ्यावं.

दुसरा दिवस वुंडरबुर्ग भागासाठी. तो स्टेशनच्याच बाजूला, जुन्या गावापासून बाजूला पडतो, म्हणून पहिल्या दिवशी कोंबू नये. इथे मार्स ब्रॉय आणि कीसमान जवळजवळ समोरासमोर. मार्समध्ये नुसतं ‘अ-ऊ’ म्हणायचं. ऊ म्हणजे उनगेश्पुंडेट: मुरताना पिंपाचं बूच घट्ट न लावलेली बिअर. वायू निसटून जातो, त्यामुळे ती कमी फसफसते. गाळलेली नसल्याने गढूळसर दिसते. ताज्या पावासारखी, पोटात न फुगणारी. धुराच्या भानगडीत न पडणाऱ्याला बांबेर्गमधली एकच बिअर सुचवायची तर हीच. कीसमानची हेरेन पिल्स तिच्या उलट: स्वच्छ, कोरडी, कडवट. दोन्ही पाठोपाठ प्यायल्या की जर्मन लागर सगळ्या सारख्याच, हा समज जातो. क्लोस्टरब्रॉय (१५३३) नदीकाठी आहे. जागा देखणी, बिअर ठीक.

हवा चांगली असेल तर संध्याकाळी श्टेफान्सबेर्गवरच्या श्पेत्सियाल-केलरला जावं. इथले लोक ‘केलरमध्ये’ म्हणत नाहीत, ‘केलरवर’ जातो म्हणतात. बिअर मुरवायची तळघरं टेकडीच्या पोटात आणि बाकं त्यांच्या डोक्यावर, झाडाखाली. समोर कॅथेड्रलचे मनोरे आणि कौलारू गाव. पाऊस आला तर बंद, त्यामुळे निघण्यापूर्वी आकाश बघावं. चढ खडा आहे, पण तो बिअरच्या आधी असतो हे बरं.

व्यवहाराचं थोडं. अर्ध्या लिटरला इथे ‘साइडला’ म्हणतात आणि किंमत ४ युरोच्या आगेमागे. रोख रक्कम जवळ असावी, कार्डावर भिस्त ठेवू नये. टेबल रिकामं असायची वाट बघायची नाही. चार माणसं बसली असतील तरी ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ विचारायचं आणि टेकायचं. ज्या टेबलावर श्टामटिश अशी पाटी दिसेल तिथे मात्र बसू नये, ते नेहमीच्या मंडळींचं. शेवटी थोडीच हवी असेल तर ‘श्निट’ मागावी: भरभर ओतलेला, फेसाने भरलेला, कमी दाम असलेला ग्लास. बक्षिसी पाच-दहा टक्के, तीही पैसे देतानाच एकूण आकडा सांगून. टेबलावर ठेवून निघून जाण्याची पद्धत नाही. प्रत्येक घराचा आठवड्यातला एक सुटीचा दिवस असतो, काहींच्या वेळाही विचित्र. त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच क्रम ठरवावा.

हिशेबही ठेवावा. मेर्त्सेनच्या एका ग्लासात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो, आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच जिरवतं. दिवसाला तीन, फार तर चार ग्लास, मध्ये जेवण आणि पाणी. पाणी फुकट येत नाही, विकत मागवावं लागतं. तिथे कंजुषी करू नये. गाडी भाड्याने घेतली असेल तर ती न्यूरेंबर्गलाच सोडावी. जर्मनीत मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, भारतापेक्षा सैल, पण दोन साइडलात तीही गाठली जाऊ शकते. बायर्न तिकीट (बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं तिकीट) प्रादेशिक गाड्यांना पाच जणांपर्यंत चालतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, आणि आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये चालत नाही.

घरी न्यायच्या बाटल्यांचंही ठरवून ठेवावं. भारतात करमुक्त दोन लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चारच बाटल्या. बाटलीमागे ८ सेंट अनामत असते, ती सोडून द्यायची. चारातल्या दोन ऊरबॉक, एक मेर्त्सेन, एक श्पेत्सियाल. प्रत्येक बाटली मोज्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मधोमध, बॅगेच्या कडेला नाही. ताजी असताना पिण्यात मजा असल्याने श्पेत्सियाल आधी उघडावी. ऊरबॉक अंधाऱ्या, थंड जागी काही महिने राहिली तरी बिघडत नाही. प्यायच्या वीस मिनिटं आधी फ्रिजमधून बाहेर काढावी आणि सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील ठेवावा.