कोडेक्स सिनायटिकसची डिजिटल प्रत: काही महिने वापरल्यानंतर

मागच्या पावसाळ्यापासून मी ही प्रत जवळजवळ रोज उघडते. कोडेक्स सिनायटिकस म्हणजे चौथ्या शतकात चर्मपत्रावर हातानं लिहिलेलं ग्रीक बायबल. जुन्या कराराची बरीच पानं गेली आहेत, पण नवा करार पहिल्यापासून शेवटपर्यंत शाबूत आहे. यातली ३४७ पानं लंडनला आहेत, ४३ लाइपझिशला, थोडी सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात आणि काही तुकडे सेंट पीटर्सबर्गला. २००९ पासून ती सगळी एकाच संकेतस्थळावर पाहायला मिळतात, तीही फुकट.

मी याकडे वळले ते एका प्रश्नामुळे. आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासात तो हमखास निघतो: नव्या करारात हीच २७ पुस्तकं का, आणि ठरवली कुणी? मग कुणीतरी ठामपणे सांगतं, ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान झालं. पण त्या परिषदेच्या २० नियमांत पुस्तकांच्या यादीबद्दल चकार शब्द नाही. हे तोंडी सांगून फारसं कुणाला पटत नाही. ही प्रत पडद्यावर लावली की पटायला लागतं.

प्रकटीकरण संपलं की आपलं छापील बायबल संपतं. इथे पुढे बर्णबाचं पत्र सुरू होतं आणि त्यानंतर हर्मासचा ‘मेंढपाळ’, ही आपल्या बायबलात नसलेली दोन जुनी ख्रिस्ती पुस्तकं. तेच चार स्तंभ, तीच मोठी अक्षरं. परिशिष्ट असल्याची खूण कुठेही नाही. पुस्तकांचा क्रमही वेगळा. पौलाची पत्रं आधी, प्रेषितांची कृत्ये नंतर. इब्री लोकांस पत्र थेट दुसऱ्या थेस्सलनीकाकरांनंतर, म्हणजे पौलाच्याच पत्रांत धरलेलं. पश्चिमेकडच्या मंडळ्या मात्र ते पौलाचं मानायला बराच काळ तयार नव्हत्या.

सर्वांत जास्त वेळ मी मार्कच्या शेवटच्या पानावर घालवला आहे. शुभवर्तमान १६:८ ला, स्त्रिया भिऊन कबरेपासून पळाल्या तिथेच थांबतं. खाली नक्षी, उरलेला स्तंभ कोरा, मग लूक. आपण वाचतो त्या पुढच्या बारा ओव्या इथे नाहीत. पानाचं तिरप्या उजेडातलं छायाचित्र निवडलं तर लेखनिकानं चामड्यावर आखून घेतलेल्या ओळीही उठून दिसतात. शास्त्र माणसांच्या हातांतून आपल्यापर्यंत आलं, हे त्या ओळी पाहताना मला जितकं जाणवलं तितकं कुठल्याही व्याख्यानात जाणवलं नव्हतं, आणि माझी श्रद्धा त्यानं कमी झाली नाही.

प्रतीसोबत त्या काळातल्या याद्या वाचल्या तर फायदा दुप्पट होतो. चर्चचा इतिहास लिहिणारा युसेबियस चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सरळ लिहितो की याकोब, यहूदा, दुसरं पेत्र यांबद्दल वाद आहे; बर्णबा आणि ‘मेंढपाळ’ तो बाहेर ठेवतो. आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस ३६७ च्या पुनरुत्थान सणाच्या पत्रात नेमकी आपली २७ पुस्तकं देतो, पण नव्यानं शिकणाऱ्यांनी ‘मेंढपाळ’ जरूर वाचावा असंही सांगतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या चर्चच्या सभा त्यानंतरच्या. मंडळ्या उपासनेत काय वाचत होत्या, कुठलं लेखन प्रेषितांपर्यंत पोचतं असं मानत होत्या, यातून यादी आधीच घडत आली होती. सभांनी तिच्यावर शिक्का मारला.

सगळीकडे एकाच वेळी मात्र नाही. पेशित्ता या सिरियाक भाषेतल्या बायबलात मुळात २२ च पुस्तकं होती: दुसरं पेत्र, दुसरं व तिसरं योहान, यहूदा आणि प्रकटीकरण नव्हती. केरळच्या संत थोमा ख्रिस्ती लोकांचं शास्त्र हेच. १५९९ मध्ये गोव्याच्या आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा बोलावली, आणि तिथे ही उणी पुस्तकं घालून घ्या असा हुकूम निघाला. हा वाद आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचला होता, हे आमच्या गटात फार थोड्यांना माहीत होतं.

वापरणाऱ्यांसाठी: ग्रीक येत नसलं तरी चालतं, पण मोठी अक्षरं ओळखायला शिका. शब्दांत जागा सोडलेली नाही. देव, प्रभू, येशू हे शब्द आखूड करून वर रेघ दिलेली असते, त्यांचा आधार धरून पुढे सरकता येतं. पुस्तकांच्या यादीत बर्णबा आणि हर्मास बाकीच्यांसोबतच सापडतात. मोबाइलवर चार स्तंभ नीट वाचता येत नाहीत, तेव्हा लॅपटॉप घ्या, शेजारी मराठी नवा करार उघडा आणि प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायापासून पुढची पानं उलटत जा.