एनएलपीवालं सेफ्टी ट्रेनिंग, दोन दिवस, पाचपैकी अडीच स्टार

ट्रेनिंग होऊन तीन महिने झाले म्हणून आता लिहितोय, दुसऱ्याच दिवशी लिहिलं असतं तर चार स्टार देऊन मोकळा झालो असतो. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती आणि मला भांडण उकरायचं नाहीये, पण असलं ट्रेनिंग आता पुण्यात गल्लोगल्ली मिळतं आणि कुणीतरी एचआरवाला ते घ्यायच्या विचारात असणार, त्याच्यासाठी हे.

आधी आमचं सांगतो. भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशिनी, परमनंट कंत्राटी धरून १४० माणसं. कायद्यानं मोठ्या कारखान्यालाच सेफ्टी ऑफिसर ठेवावा लागतो, आमच्यात तो प्रश्नच नाही, म्हणून मेंटेनन्स बघता बघता सेफ्टी पण माझ्याच गळ्यात. मागच्या वर्षी निअर मिस रजिस्टर (थोडक्यात हुकलेले अपघात लिहायची वही) जरा जास्त भरलं, कस्टमरच्या ऑडिटमध्ये शेरा आला, मालकांना कुणीतरी सांगितलं की माणसाचं वागणं मेंदूपासून बदलायचं असेल तर न्यूरो लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग करा, तेच हे एनएलपी, बोलण्या-विचार करण्याच्या पद्धतीतून वागणं बदलायचं तंत्र. २५ जणांची बॅच, दोन दिवस, ८५ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, जेवण आपलं.

पहिला दिवस खरंच मजेत गेला, खोटं कशाला बोलू. सरांची बोलायची हातोटी जबरदस्त. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बँडलर आणि ग्राइंडर या दोघांनी मोठमोठे थेरपिस्ट पेशंटशी कसं बोलतात त्याचा अभ्यास करून हे काढलं, वगैरे इतिहास झाला. मग म्हणले, डोळे मिटा आणि काहीही झालं तरी निळ्या माकडाचा विचार करू नका. अख्खा हॉल हसला. माझ्या शेजारी आमचे डाय सेटर (प्रेसमध्ये डाय म्हणजे साचा बसवणारे) मामा बसलेले, ते हळूच म्हणले, "हे तर आमची आजी सांगायची, औषध पिताना माकड आठवू नको." तर मुद्दा असा की "हात घालू नका" लिहिलं की आधी डोक्यात हात घातल्याचंच चित्र येतं, म्हणून काय करायचं ते लिहा. हे मला पटलं. परत आल्यावर प्रेसवरचे "हात घालू नये" चे बोर्ड काढले आणि "पीस चिमट्यानेच काढा, हात पिवळ्या पट्टीच्या बाहेर" असे लावले. खर्च काही नाही, आणि नवीन पोराला निदान पट्टी कुठंय ते तरी कळतं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे प्रश्न विचारायची पद्धत. माणूस "नेहमी", "कुणीच नाही", "जमत नाही" असं मोघम बोलला की नेमकं काय, कधी, कुठल्या मशीनवर असं खोदत जायचं, आणि "का" विचारायचं नाही, कारण "का" म्हणलं की समोरचा लगेच वकिली करायला लागतो. मी सोमवारी लगेच करून बघितलं. आधी वर्षभर "चिमटा का वापरत नाही रे" म्हणून ओरडत होतो आणि उत्तर यायचं "वापरतो की साहेब". यावेळी विचारलं, "चिमट्यानं काढताना नेमकं काय होतं?" तर पोरगा म्हणला, "पत्र्याचा ब्लँक लहान आहे ना, तोंडात धरतच नाही, घसरून परत डायवर पडतो, मग हातानंच उचलावा लागतो." म्हणजे आम्ही दिलेला चिमटाच त्याला हात घालायला लावत होता! टूलरूमला सांगून अर्ध्या दिवसात जबडा अरुंद करून घेतला, आता त्या लाईनला सगळे चिमटा वापरतात. एक स्टार पूर्ण याच गोष्टीचा.

बाकी मात्र पाणी. सगळ्यांची टेस्ट घेऊन कोण बघून शिकतं, कोण ऐकून, कोण हात लावून, ते ठरवलं आणि आयकार्डवर अक्षरं चिकटवायला लावली. मी "ऐकणारा" निघालो, घरी बायकोला सांगितलं तर ती अजून हसतेय. मग ते डोळ्यांचं प्रकरण, माणूस वर उजवीकडे बघत बोलला तर बनवून सांगतोय आणि डावीकडे बघितलं तर आठवून सांगतोय. हे ऐकायला भारी वाटतं पण २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन वगैरे संशोधकांनी नीट तपासलं तेव्हा खोटं बोलण्याचा आणि डोळे कुठं जातात त्याचा काही संबंध सापडला नाही. त्याच्याही आधी १९८८ ला अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं सैन्यासाठी या सगळ्या तंत्रांचा आढावा घेतला होता, त्यातही एनएलपीच्या दाव्यांना म्हणावा असा पुरावा मिळाला नव्हता. आमच्याकडे याचा त्रासच झाला, एका सुपरवायझरनं पुढच्याच आठवड्यात निअर मिस लिहायला आलेल्या पोराला "तू उजवीकडे बघितलंस" म्हणून खोटा ठरवला. आता तो पोरगा रजिस्टरजवळ फिरकत नाही. म्हणजे पैसे देऊन रिपोर्टिंग कमी करून घेतलं आम्ही.

मिररिंगचा पण किस्सा आहे, समोरच्याच्या उभं राहण्याची नक्कल केली की जवळीक वाढते म्हणे. आमचा शिफ्ट इनचार्ज ऑपरेटरसमोर त्याच्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर ऑपरेटर काळजीनं, "साहेब, तुमची पण कंबर धरली का?"

सगळ्यात खटकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. अँकरिंग शिकवत होते. मशीनला हात लावायच्या आधी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबायचं, डोळ्यासमोर घरच्यांचे चेहरे आणायचे, असं रोज केलं की नुसतं बोट दाबलं तरी मन सावध होतं. पंचवीस जण डोळे मिटून बोटं दाबतायत. पहिल्या रांगेत आमचे मामा, उजव्या हाताचं ते बोट २००४ सालीच गेलेलं, दुसऱ्या कंपनीत, फूट पेडलवाल्या प्रेसवर. सर फिरत फिरत त्यांच्यापाशी आले, "काका, दाबा ना." मामांनी डोळे उघडून हात वर केला आणि म्हणले, "सर, माझा अँकर डायमध्ये राहिला." कुणी हसलं नाही. सरांना काय बोलावं सुचेना, चहाचा ब्रेक दहा मिनिटं आधी झाला. ब्रेकनंतर निदान "तुमचा अपघात कसा झाला" एवढं तरी विचारतील असं वाटलं होतं, अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच खरा अभ्यासक्रम बसलेला होता. नाही विचारलं, पुढची स्लाईड लावली.

ती स्लाईड म्हणजे ८८ टक्के अपघात कामगाराच्या असुरक्षित वागण्यामुळं होतात. हा आकडा १९३१ च्या हाइनरिकच्या पुस्तकातला आहे, तो माणूस विमा कंपनीत कामाला होता आणि त्याच्यापुढं आलेले बरेच रिपोर्ट मालक नाहीतर सुपरवायझरनं भरलेले. आता रिपोर्ट मी भरणार असेन तर मी काय लिहिणार, गार्ड नव्हता म्हणून की पोराचं लक्ष नव्हतं म्हणून? २०२५ पर्यंत चालू असलेल्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २१ मध्ये मशीनला कुंपण घालायची जबाबदारी सरळ मालकावर टाकलेली होती, तिथं बोट दाबून घरच्यांची आठवण काढा असं कुठं नव्हतं.

आणि आमचा मूळ प्रॉब्लेम काय होता ते ऐका. ७ नंबर प्रेसला दोन हातांची बटणं आहेत, दोन्ही दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही (प्रेस खाली येत नाही), म्हणजे हात आपोआप बाहेर. तर डाव्या बटणात कुल्फीची काडी खोचलेली सापडली. ट्रेनिंगच्या बारा दिवसांनंतर! खोचणारा पोरगा बॅचमध्येच होता, सर्टिफिकेट पण मिळालंय त्याला. मी सरांच्या पद्धतीनंच विचारलं, काडी घातल्यानं नेमका फायदा काय होतो? "साहेब, एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं पीस काढायचा, शिफ्टला चारशे जास्त निघतात. त्याशिवाय टार्गेट होत नाही आणि टार्गेट नाही झालं तर ठेकेदार इन्सेन्टिव्ह कापतो." आता सांगा यात कुठला शब्द बदलू मी? त्याचं मन सावधच होतं, हिशोब पण बरोबर होता. शेवटी टार्गेट खाली आणलं, त्यासाठी प्रोडक्शनशी तीन मीटिंग भांडलो, आणि बटण दाबूनच ठेवलं तर पुढचा स्ट्रोकच येणार नाही, दर वेळी दोन्ही सोडून परत दाबावी लागतील अशी वायरिंग करून घेतली. काड्या बंद.

वागणं बदलतच नाही असं माझं म्हणणं नाही हां. मुंबईत वडाळ्याला २०१० च्या आसपास फायनल माइल नावाच्या कंपनीनं मध्य रेल्वेसोबत काम केलं होतं. रूळ ओलांडणाऱ्याला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग कळत नाही, एवढं मोठं धूड हळूच येतंय असं वाटतं, म्हणून त्यांनी रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, गाडी ते पिवळे पट्टे किती पटापट गिळतेय ते बघून माणसाला अंदाज यावा. एका लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न. त्यात कुणाला डोळे मिटायला लावले नाहीत, जिथं चूक होते तिथं जाऊन जागाच बदलली.

भाषेचं एक राहिलंच. बॅचमधले नऊ जण बिहार आणि ओडिशाचे, सर अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, स्लाईड पूर्ण इंग्रजी. नावातच लिंग्विस्टिक असलेल्या कोर्सला हिंदीत बोलायला काय हरकत होती? मी मागे बसून भाषांतर करत होतो, माझे पैसे कापले पाहिजे होते त्यांच्या बिलातून.

तर घ्यायचं का? सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज यांना बोलायचं-विचारायचं कसं ते शिकवायला एक दिवस घ्या, फायदा होईल, डोळे आणि आयकार्डवाला भाग काढून टाका म्हणून आधीच सांगा. ऑपरेटरला बसवू नका. पैसे एकदाच खर्च होणार असतील तर आधी मशीन बघा, फक्त घाईत लाईट कर्टन (प्रकाशाचा पडदा, त्यात हात आला की मशीन थांबतं) मागवू नका, जुन्या पिन क्लचच्या प्रेसला तो चालत नाही, स्ट्रोक सुरू झाला की मध्ये थांबतच नाही, तिथं फिक्स गार्डच लागतो. आमच्या ७ नंबरला एअर क्लच आहे, स्ट्रोक मध्येच थांबवता येतो, म्हणून तिथं चालेल.

सरांचा परवा फोन होता, लेव्हल दोनला डिस्काउंट आहे म्हणे. ते कोटेशन मालकांच्या टेबलावर आहे, त्याच्यावर मी लाईट कर्टनचं ठेवून आलोय. कशावर सही होते ते कळलं की इथंच खाली टाकतो.