गोठ्यातल्या अमोनियासाठी रिंग-डाउन की ओपन पाथ?

गोठ्यातला अमोनिया लेसरनंच मोजायचा, इथवर ठरलेलं असतं. पंपानं नळीतून हवा ओढून बंद पोकळीत मोजणारं रिंग-डाउन घ्यावं की मोकळ्या हवेत किरण सोडणारं ओपन पाथ, इथं गाडी अडते. करवीर-कागल भागातल्या गोठ्यांत दोन्ही वापरलीत, म्हणून लिहितोय.

कागदावर रिंग-डाउनचं पारडं जड, वादच नाही. 99.99 टक्के परावर्तनाचे आरसे अर्ध्या मीटरवर समोरासमोर ठेवले की प्रकाशाची वाट 5 किलोमीटरच्या घरात जाते. मोजायचा तो प्रकाश विझायला लागणारा वेळ, त्यामुळं लेसर थोडा मंद-तेज झाला तरी आकडा हलत नाही. आत दाब कमी, म्हणून शोषणरेषा (वायू ज्या ठरावीक तरंगलांबीवर प्रकाश शोषतो त्या) बारीक होतात आणि बाष्पाची रेषा अमोनियापासून सुटी ओळखता येते. मिथेन मोजायचा असेल तर पुढं वाचूच नका, हेच घ्या.

अमोनियाचं दुखणं निराळं. तो नळीला चिकटतो. टेफ्लॉनची नळी घातली, तिला गरम पट्टी गुंडाळली, फिल्टर बदलले. तरी सकाळी शेणघाण काढताना चढलेला आकडा, गोठा धुऊन झाला, नाकाला वास येईना, तरी रेंगाळत रेंगाळतच उतरतो. पावसाळ्यात नळीत ओल धरली की विचारू नका. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. आपण गोठा मोजतोय की नळी, तेच कळेना. त्यात लाइट गेली की पंप बंद, आणि आली की दाब-तापमान स्थिरावेपर्यंत बसा वाट बघत.

ओपन पाथला नळीच नाही. एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला रेट्रोरिफ्लेक्टर, म्हणजे किरण आला त्याच वाटेनं परत धाडणारा आरसा. घाण काढायला घेतली की आकडा चढतो, फावडं ठेवलं की उतरायला लागतो. कुरबुरी याच्याही आहेत. बाहेरच्या दाबाला रेषा पसरट होतात, रिफ्लेक्टरवर धूळ बसते, थंडीत पंचगंगेकाठी धुकं उतरलं किंवा गुऱ्हाळाचा धूर आडवा आला की सिग्नल जातो. पण गेला तर गेल्याचं दिसतं, तेवढी नोंद गाळता येते. नळीतला शिळा अमोनिया मात्र खऱ्या आकड्यासारखाच नोंदला जातो.

गोठ्यापासून लांब, बांधावरचा काही पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत काही भाग) इतका अमोनिया हवा असेल, तर रिंग-डाउनच बघावं लागेल, नळी हातभर ठेवून. गोठ्यासाठी मी तरी ओपन पाथकडंच झुकेन. रिंग-डाउनचा डेमो मागवलात तर पूर्ण नळी जोडूनच लावायला सांगा, आणि गोठा धुतल्यावर आकडा किती वेळात खाली येतो ते घड्याळ लावून बघा.